रावजी कुणाचा

कृष्णात खोराटेला हळू बोलताना ऐकलेला माणूस आमच्या गावात सापडायचा नाही. चौतीस वर्षं त्यानं इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडात काढली. तिथं शेजारच्या मागावरच्या गड्याला नुसती तंबाखू मागायची तरी बोंब मारावी लागायची. ती सवय हाडात मुरली. गावात परत येऊन त्याला बारा वर्षं झाली. बायको वारली, एकच लेक मोना, ती इचलकरंजीतच दिलेली. दावणीला दोन म्हशी. म्हशीला नुसतं 'सरक' म्हटलं तरी नदीपलीकडच्या उसात ऐकू जातं.

असा माणूस गेल्या सालच्या चैतात तीन आठवडे गप्प होता आणि डोक्याला टॉवेल गुंडाळून हिंडत होता. ते का, ते सांगतो.

आमच्या गावात खोराट्यांची दोन घरं. चढावर देवळाजवळ आहे ते वरलं घर, उताराला नदीच्या वाटेवर आहे ते खाललं. आडनाव एक, देव एक, शेतांचे बांध एकमेकाला लागून. पण भावकी नाही. वरल्या घरात कुणी मेलं तर खालल्या घराला सुतक नाही, खालल्या घरात पोर जन्मलं तर वरल्या घराला सोयर नाही. भावकी म्हणजे दुसरं काय असतं? मरण असो नाहीतर जन्म, दहा दिवस तुमच्याबरोबर जी माणसं आपला देव झाकून बसतात ती भावकी. बाकी मदतीला काय, गावातलं कुणीही येतं.

एकाच आडनावाची दोन घरं आणि भावकी नाही, याचं कुणाला नवल वाटायचं नाही. तसं असतंय बऱ्याच गावांत. विचारलं तर लोक "नसंल" एवढंच म्हणायचे.

गेल्या सालच्या चैतात वरल्या घरातला बाळासो गेला. वय ऐंशी. मोठी माणसं बोलत नव्हती तेव्हासुद्धा हा बाळासो आणि कृष्णात एकाच डोहात पोहायचे. दहाव्याला नदीकाठी भावकीतले पुरुष डोकी करायला रांगेनं बसले. न्हावी एका टोकानं सुरू झाला. कृष्णात आपला जाऊन रांगेच्या शेवटी बसला. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी उठवलंही नाही. न्हाव्यानं पाणी लावलं, वस्तरा धरला, डावी बाजू केली. तेवढ्यात बाळासोचा मुलगा अमरसिंह तिकडून आला. अमरसिंह म्हणजे आमच्या दूध सोसायटीचा चेअरमन.

"काका, तुमी का बसलाय?"

"का म्हंजे? बाळासो माझ्यापेक्षा थोरला हुता."

"थोरलं हुतं खरं. पर तुमी भावकीतलं न्हवं."

न्हाव्याचा वस्तरा तसाच थांबला. रांगेतला एकजण फिस्सकन हसला आणि मग खोकला आल्यासारखं केलं. कृष्णात उठला. डावीकडं चकचकीत, उजवीकडं पांढरं रान.

न्हावी म्हणाला, "बसा की, पुरं करतो. भावकीचं म्हणून न्हाय तर उन्हाळा म्हणून."

"ऱ्हाऊ दे," कृष्णात म्हणाला. आणि हे तो हळू म्हणाला. म्हणूनच सगळ्यांच्या ध्यानात राहिलं.

तो तिथनं थेट हुसेन मुलाण्याच्या दुकानात गेला. हुसेन गावचा शिंपी, त्याचा शाळेपासूनचा दोस्त. टॉवेल काढल्यावर हुसेननं चष्मा वर केला, एकदा या बाजूनं बघितलं, एकदा त्या बाजूनं.

"उजवीकडचं कात्रीनं काढू, का डावीकडं अस्तर लावू?"

"हसालाईस व्हय?"

"मग काय रडू? आमच्यात सुतक न्हाय, ते बरं हाय बघ. हजामतीवरनं भांडण न्हाय."

कृष्णात मशीनशेजारच्या बाकड्यावर बसला. "हुसेन, मी मेल्यावर कोण बसणार रं? मोना हाय, पर ती जावयाच्या भावकीची झाली. खांदा द्यायला चार माणसं तू गोळा करशील. पर माझ्यापायी धा दिवस देव कोण झाकून ठेवणार? मी गेलो म्हणून कुणाचं कायतरी अडायला नगं?"

हुसेननं सुईत दोरा ओवला. त्याच्या बापानं चौसष्ट साली कृष्णातच्या आज्याला खांदा दिलेला. आजा म्हणजे रावजी. त्या दिवशी न्यायला माणसं मिळेनात, कारण सगळं गाव वरल्या घराच्या लग्नात होतं. वर वाजंत्री वाजत होती आणि खालनं चौघंजण तिरडी घेऊन नदीकडं गेले होते. कृष्णात तेव्हा चौदा वर्षांचा. पुढं मडकं घेऊन बाप, मागं हा.

आज्याचं त्याला फार आठवत नाही. एक आठवतं. संध्याकाळी गुरं आत घेताना आजा कानडीत मोजायचा. वंदू, एरडू, मूरू. आमच्या गावात कानडी कुणी बोलत नाही. बैलबाजारात शिकला असेल, असं लोक धरून चालायचे. रावजीनं कधी सांगितलं नाही, कुणी कधी विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी हुसेननं उजवीकडचं बारीक कातरून दोन्ही बाजू एक केल्या. टॉवेल सुटला. पण कृष्णातच्या डोक्यातलं गेलं नाही. रावजी कुणाचा, एवढं त्याला बघायचं होतं. वरल्या घराचा असला तर तोही वरल्या घराचा, आणि मग दहाव्याला रांगेतनं उठवायचा अधिकार कुणाला नाही.

पौषात सुगी उरकली की आमच्याकडं हेळवी येतो. घराण्यांच्या वंशावळी राखायच्या आणि दारोदार जाऊन वाचायच्या, हे हेळव्यांचं पिढीजात काम. आमच्या गावचा हेळवी मल्लाप्पा. चिकोडीच्या बाजूचा. त्याचा बाप बैलावर बसून यायचा, हा मोटरसायकलवर येतो, पण चोपडी त्याच लाल फडक्यात. वरल्या घराच्या सोप्यात बसून मूळ पुरुषापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत एका सुरात सगळी नावं वाचतो, नवीन नावं लिहून घेतो, पायली-दोन पायल्या धान्य घेतो आणि जातो. खालल्या घरात मात्र तो कधी येत नसे. साठ वर्षांपूर्वी कृष्णातच्या बापानं त्याच्या बापाला दारातनंच घालवलेला.

त्या पौषात चढाच्या वळणावर कृष्णातनं मोटरसायकल अडवली.

"पावणं, थांबा जरा. माझ्या आज्याचं नाव बघायचं हाय."

"कुठलं घर?"

"खाललं. रावजी खोराटे."

मल्लाप्पानं त्याच्याकडं बघितलं. मग चढाकडं बघितलं. मग गाडी स्टँडवर लावली. "कवातरी कोणतर इचारणार, असं माझा बा म्हणायचा," तो म्हणाला.

रस्त्याकडेच्या कट्ट्यावर त्यानं फडकं सोडलं. पानं उलटली. बोट ठेवून वाचलं, "सुभाना. सुभानाला ल्योक तीन. ज्ञानू, धोंडी, रावजी."

"तीन?" कृष्णात ओरडला. पलीकडच्या गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

"तीन. आन् हितं तांबडा ठिपका हाय बगा, रावजीच्या म्होरं. ही माझ्या बाची खूण. वरल्या घरात वाचताना हितनं उडी मारायची. ल्योक दोन म्हणायचं आन् फुडं जायाचं. तसं मला शिकीवलंय."

"कुणी सांगिटलं तुझ्या बाला?"

"आण्णांनी. बाळासोचं वडील ते. त्यांचं मीठ-भाकर खाल्लेलं, न्हाय कसं म्हणणार?"

"मग खोडून टाकायचं हुतं की नाव."

मल्लाप्पाला ते आवडलं नाही. "हेळवी खोडत न्हाय, पावणं. आमी लिवतो, न्हायतर वाचत न्हाय. खोडायचं आमच्यात न्हाय."

मग त्यानं आणखी एक ओळ दाखवली. ज्ञानूच्या नोंदीला पायलीभर जोंधळे मिळाले. धोंडीच्या नोंदीला पायलीभर जोंधळे. रावजीच्या नोंदीला खोंड.

"खोंड म्हंजे?"

"बैलाचं तरणं वासरू, दुसरं काय. माझ्या पणज्याला दिलाय सुभानानं. मला एवढंच कळतंय की सरळ नोंदीला खोंड कोण देत न्हाय. ह्यात कायतर हाय. सुभाना कन्यागताला, बारा वर्सांनी येती त्या पर्वणीला, वाडीला गेलता असं बी हितं हाय. तितल्या पुजाऱ्याकडं बगा."

पण कृष्णातनं 'ल्योक तीन' एवढंच ऐकलं होतं. तो तसाच चढ चढून वरल्या घरात गेला. अमरसिंह सोप्यात मोबाईलवर दुधाचं फॅट बघत बसलेला.

"तीन ल्योक हुतं सुभानाला. हेळव्याच्या चोपडीत हाय."

"हेळव्याचं काय घेऊन बसलाय, काका. पायलीभर जोंधळं जादा दिलं तर माझी म्हस बी घालंल वंशावळीत. दुसरीकडचा कायतरी कागद आणा. मी काय न्हाय म्हणालोय व्हय?"

अमरसिंह तसा वाईट माणूस नव्हे. चेअरमनाला कागद लागतो, एवढंच.

कृष्णात गारगोटीला कचेरीत गेला. चार खेपा झाल्या. चौथ्या खेपेला जुना फेरफार निघाला. सुभाना मेला तेव्हा वारस म्हणून ज्ञानू आणि धोंडी, दोघंच. रावजीकडं असलेलं शेत सुभानानं हयातीतच 'खुशीने' दिल्याची वेगळी नोंद. कारकून शहाणा होता. म्हणाला, "लेकाला खुशीनं कोण देतं वो? लेकाचं ते असतंच की."

तेव्हा कुठं कृष्णातला खोंड आठवला.

माघात तो आणि हुसेन एसटीनं नृसिंहवाडीला गेले. हुसेन कशाला, तर कृष्णातला कुणाशी हळू बोलता येत नाही म्हणून. देवळाच्या मागच्या गल्लीत ज्या पुजाऱ्यांच्या घराकडं आमच्या बाजूच्या गावांच्या चोपड्या आहेत, ते घर दोन तास विचारून सापडलं. पुजारी तरणा होता. बाहेर पेढ्याचं दुकान, आत भिंतीला लागून कपाट. मोडी त्याला येत होती, पण अडखळत. बोट फिरवत फिरवत तो एका पानावर थांबला.

"शके अठराशे एकतीस. कन्यागत. सुभाना खोराटे. सोबत पुत्र ज्ञानू, पुत्र धोंडी. आणि रावजी, वय चौदा."

"पुत्र रावजी," कृष्णात म्हणाला.

"पुत्र लिहिलेलं नाही. थांबा." पुजाऱ्यानं पान उजेडाकडं धरलं. "रावजी हा मूळ संकेश्वराकडील. माय-बाप प्लेगात वारले. त्यांची नावे ठाऊक नाहीत. सुभानाने वाटेवरून घरी आणून वाढविला. तर्पणास याचे वाडवडील कोण, असे विचारता सुभाना म्हणतो, माझेच धरा."

"परत वाचा."

पुजाऱ्यानं परत वाचलं.

"अजून एकदा," कृष्णात म्हणाला, आणि या वेळी पुजाऱ्याला पुढं वाकून ऐकावं लागलं.

पुजाऱ्यानं ते सगळं साध्या अक्षरात कागदावर उतरवून दिलं. तो कागद खिशात घालून दोघं घाटावर येऊन बसले. संगमाचं पाणी संथ होतं. हुसेननं पेढ्याचा पुडा सोडला.

"वंदू, एरडू, मूरू," हुसेन म्हणाला. "बैलबाजार न्हवं तर."

"न्हवं."

"आता काय करणार?"

"सांगणार."

"कशाला? मल्लाप्पाकडनं मी मागनं त्या ओळीचा मोबाईलवर फोटो काढून घेतलाय. तेवढा दाखवायचा. कचेरीतलं काय सांगू नगं, हे बी वाडीतच ऱ्हाऊ दे. दत्त काय अमरसिंहाला फोन करत न्हाय."

कृष्णातनं एक पेढा अख्खा तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळला. "आण्णानं एक ओळ उडी मारून वाचायला लावली," तो म्हणाला. "मी दुसरी उडी मारून वाचू? मग माझं डोकं त्यांनी अर्ध्यावर ठेवलं त्यात चूक काय हुती?"

"तू मारणार न्हाईस म्हाईत हाय मला," हुसेन म्हणाला. "म्हणूनच तर तुझी हजामत अर्धी ऱ्हाती."

दुसऱ्या दिवशी सकाळीच कृष्णात वरल्या घरात गेला. अमरसिंहच्या हातात कागद दिला आणि उभाच राहिला. अमरसिंहनं कागद मोठ्यानं वाचला. उलटून मागची बाजू बघितली, तिथं काही नव्हतं. परत वाचला. त्याचाही आवाज जरा उतरला.

"म्हंजे आण्णा खरं बोललं हुतं."

"व्हय."

"रक्ताचं न्हाय."

"न्हाय."

"मग झालं की, काका. मी तरी काय करू ह्यात?"

"काय करू नगंस. तू कागद आण म्हणालास, मी आणला," कृष्णात म्हणाला आणि पायात चपला सरकवायला लागला.

"बसा भावजी."

हे तानाबाई म्हणाली. बाळासोची बायको, अमरसिंहची आई. आतल्या दाराशी सूप घेऊन गहू निवडत बसलेली. शहात्तर वर्षांची बाई, गुडघे दुखतात, पण कान असे की घरात कुठं काय बोललं ते तिला आधी कळतं. नवरा गेल्यापासून ती फारशी बोलत नव्हती. कृष्णात पायरीवरच टेकला.

"अमऱ्या, तुझा आज्जा खरं बोलला म्हणतोस. त्याला ह्यातलं काय म्हाईत हुतं व्हय? त्यानं काय कागद बघितलाता?" ती म्हणाली. सुपातनं हात काढला नाही. "मी सांगती काय झालं ते. माझंच लगीन हुतं ते."

आणि तिनं सांगितलं. ती सोळा वर्षांची. लग्न नवऱ्याच्या दारात, म्हणून आदल्या दिवशीच वऱ्हाड घेऊन या गावात उतरलेली. संध्याकाळी हळद लागली. दारात मांडव, आणि मांडवाला आंब्याचे डहाळे बांधत एक म्हातारा शिडीवर चढलेला. तोंडानं काहीतरी मोजत होता, ते कळेना, म्हणून वऱ्हाडातल्या पोरी हसायला लागल्या.

"रावजीमामा ते. घरचं माणूस म्हणून मांडवाला डहाळं बांधायचा मान त्यांचा. दुसऱ्या दिवशी पहाटं खालनं रडायचा आवाज आला. मी इचारलं, कोण रडतंय? कुणी सांगंना. ज्या म्हाताऱ्यानं माझ्या मांडवाला डहाळं बांधलं, ते झोपंतच गेलं हुतं."

"मग?" अमरसिंह म्हणाला. त्याला हे नवीन होतं.

"मग काय. भावकीत मढं पडलेलं, लगीन कसं लागणार? धा दिवस फुडं. आन् हिकडं सहाशे माणसांची बुंदी पाडून ठेवलेली, भाताला आदण ठेवलेलं. वऱ्हाड घेऊन आलेली माणसं माघारी लावायची? आण्णा मांडवात आलं आन् म्हणालं, खालली आमच्या भावकीतली न्हवंत. आडनाव तेवढं एक. वाजवा." तानाबाईनं एक खडा उचलून बाहेर टाकला. "रात्रीपत्तूर भावकीतली हुती. सकाळी न्हवती. माझ्या सासूनं, झुंबरआत्तीनं सांगिटलंय मला हे. एका दिवसाचं जेवान वाचवायला बोललं आन् मग माघारी घ्यायला त्वांड ऱ्हायलं न्हाय. हेळव्याला सुदिक गप्प केलं."

कृष्णात चौदा वर्षांचा असताना ऐकलेली वाजंत्री त्याच्या डोक्यात होती. ती का वाजत राहिली, ते त्याला साठ वर्षांनी कळलं.

"ते सगळं खरं, आई," अमरसिंह शेवटी म्हणाला. "पर आण्णा खोटं बोलायला गेलं आन् खरं निगालं की. वाडीच्या कागदात सरळ लिवलंय. रावजी आपल्या रक्ताचा न्हवं."

"मी हाय व्हय तुमच्या रक्ताची?"

"तुझं येगळं."

"काय येगळं? मला दुसऱ्या गावातनं आणून ह्या घरात घातलं. अक्षता पडल्या आन् त्या दिवसापासनं मला तुमचं सुतक लागायला लागलं. माझ्या बापाचं लागायचं बंद झालं. रावजीमामाला बी सुभानानं आणूनच घातलं. माझ्यासाठी बुंदी पाडली, त्यांच्यासाठी खोंड दिला, मल्लाप्पानंच सांगिटलंय मला. त्यांचं लागंना आन् माझं लागतंय, ते कसं काय?"

अमरसिंहनं कागदाकडं बघितलं, जणू उत्तर तिथं खाली कुठंतरी लिहिलं असेल. मग घडी घातली.

"बघू," तो म्हणाला.

चेअरमनाचं 'बघू' गावाला माहीत आहे. सोसायटीची नवीन इमारतही आठ वर्षं 'बघू'त आहे. कृष्णात उठला, तानाबाईला "येतो वैनी" म्हणाला आणि उतार उतरला. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. हुसेननं एकदा छेडलं तेव्हा म्हणाला, "मला रावजी कुणाचा ते बघायचं हुतं. बघितलं. रावजी सुभानाचा. आता मी कुणाचा ते त्यांनी बघावं."

माघ गेला, उन्हाळा गेला. आषाढात कृष्णातची थोरली म्हैस व्याली. रेडी झाली. दोन वेळा गाभ टाकलेली म्हैस ती, म्हणून त्यानं देवाला पुरणपोळीचा निवद बोललेला. निवद म्हणजे नुसता निवद नव्हे. गल्लीतली पंधरावीस माणसं जेवायला, हुसेन आणि त्याची बायको नजीरा, दूध घालायला येणारी दोन पोरं. मोना दोन दिवस आधी येऊन कामाला लागलेली. डाळ शिजली, पुरण वाटलं, कटाची आमटी उकळायला लागली. पहिली पोळी तव्यावर पडली तेव्हा वास चढापर्यंत गेला असणार.

कृष्णात अंघोळ करून, धोतर नेसून, निवदाचं ताट हातात घेऊन देव्हाऱ्याकडं निघाला आणि दारात मोटरसायकल थांबली. अमरसिंहचा मुलगा राजवर्धन, त्याची बायको तेजस्वी दिवस भरलेली. घामाघूम.

"आजोबा, थांबा. ताट खाली ठेवा."

"का रं?"

"तेजस्वी बाळंत झाली. गारगोटीला, दवाखान्यात. पहाटं. पोरगी झाली."

"बरं झालं की मर्दा. पोळी खाऊन जा."

"तसं न्हवं. सोयर हाय. धा दिवस देवाला शिवायचं न्हाय तुमी." पोरगं शिकल्यासारखं एका दमात बोलत होतं. "आज्जी म्हणली, पयलं खालल्या घरात सांग, मग बाकीच्या भावकीला."

कृष्णातच्या हातातलं ताट तसंच राहिलं. "आत्ता सांगालाईस? निवद ताटात वाढलाय माझा."

"आज्जीला म्हाईत हाय. म्हणली, भावजींचं पुरण शिजालंय, मला वास आलाय. तरी सांग."

"आन् तुझा बाप काय म्हणाला?"

राजवर्धननं जरा आठवून बघितलं. "पपा म्हणालं, जा लवकर, न्हायतर निवद दाखवून बसतील."

कृष्णातनं ताट खाली ठेवलं. देव्हाऱ्यापुढचा पडदा ओढला. समई लागली नव्हती ती तशीच कोपऱ्यात सरकवली. मोना चुलीपुढनं बापाला म्हणाली, "दादा, अन् एवढं पुरण?" त्यानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

गल्लीतली माणसं जमत होती ती दाराबाहेरच थांबली. सोयराच्या घरात जेवायचं की नाही, यावर दोघांचं जुंपलं. तिघंचौघं "बघू नंतर" म्हणून सटकली. हुसेन मात्र नजीराला घेऊन सरळ आत आला आणि भिंतीला पाट टेकवून बसला.

"मोना, वाढ गं बाई. आमच्यात सोयर बी न्हाय."

"किती वाढू काका?"

"आधी चार वाढ. मग इचार. तूप हात आखडून नगं."

कृष्णात दारात जाऊन उभा होता. देवळाकडनं गुरव येत होता, त्याला त्यानं लांबनंच थांबवलं.

"गुरवा, धा दिवस माझ्याकडचा नारळ घेऊ नगंस. सोयर हाय आमाला."

"कुणाकडचं?"

"वरल्या घरातलं."

"ते तुमच्या भावकीत हाय व्हय? आमाला म्हाईतच न्हवतं."

"तुला तुझी गाय कवा यायली ते तरी म्हाईत असतंय व्हय?" कृष्णात म्हणाला. मग दूध सोसायटीकडं निघालेल्या पोरांना सांगितलं. मग पाणवठ्याकडं जाणाऱ्या बायकांना. ज्यांना सोयराशी काही देणंघेणं नाही त्यांनाही सांगितलं. एकेकाला हाक मारून, मागाच्या शेडातल्या आवाजात, की दहा दिवस आमाला देव न्हाय, आमच्यात सोयर पडलंय.

आत हुसेनची सहावी पोळी चालली होती. बाहेर नदीपलीकडच्या उसात कुणीतरी खुरपत होतं. तिथनं ओरडून विचारणं आलं, "काय झालं वो, पोरगा का पोरगी?"

"पोरगी," कृष्णातनं कळवलं.